भिंतीवरचा थोरला

मित्रांनो, एखाद्या घराच्या मागच्या भिंतीशी पंखा लावलेली पांढरी पेटी घरघरताना दिसली, तर ओळखा, ती माझ्याच जातीची. लोक आम्हाला हीट पंप म्हणतात. नाव भारदस्त, पण काम हमालाचं. मी ऊब तयार करत नाही, नुसती उचलून नेतो. थंडीत बाहेरच्या हवेतली ऊब आणि छतावरच्या काळ्या पट्ट्यांनी उन्हातून गोळा केलेली ऊब खोलीत आणून टाकतो. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. पोटातली एक झडप फिरली की माझी वाट उलटी होते. ओझं कुठून कुठे न्यायचं, हे हमालाला कोणी विचारत नाही.

कारखान्यात एका बाईने माझ्या तांब्याच्या नळ्यांचे सांधे साबणाच्या फेसाने तपासले, कुठे बुडबुडा येत नाही हे पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. एवढंच माझं बालपण.

या घरी मला आणलं ते दादाने. दादा म्हणजे घरचा थोरला मुलगा, परदेशी नोकरी करणारा. बाबांची छाती थंडीत भरून यायची, रात्ररात्र खोकत बसायचे. त्यांच्याजवळ राहायची ती दादाची धाकटी बहीण. दादा रजा काढून आला आणि मला बसवून घेतलं. माझं एक अंग बाहेर राहिलं, दुसरं आत, बाबांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर.

मेकॅनिकने विचारलं, "मालक म्हणून फोन कोणाचा जोडू?"

"माझा. तिकडे बसून मला खोलीचा आकडा दिसला पाहिजे."

मेकॅनिक धाकटीकडे वळला. "ताई, भिंतीवरच्या कळा तुमच्या. पण साहेबांनी फोनवरून काही केलं, तर हे त्यांचंच ऐकणार."

"त्यात नवीन काय?" धाकटी हसून म्हणाली. "या घरात आजवर त्याचंच ऐकलं जातं."

पहिली वर्षं माझ्या कौतुकाची होती. बाबांचा खोकला पळाला. ते माझ्यासमोर पाय पसरून बसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "मुलाने पाठवलाय. हाच आमचा थोरला." मग माझं नावच पडलं थोरला.

"पोरी, थोरला आज खोकतोय बघ."

"बाबा, जाळी तुंबलीय त्याची."

धाकटी जाळी काढून नळाखाली धरायची, जुन्या टूथब्रशने घासायची. शिडी लावून छतावरच्या पट्ट्यांवरची धूळही पुसायची. कधी बाबा माझ्याकडे बघत म्हणत, "खरा थोरला काही बोलत नाही, हा निदान घरघरतो तरी." मला तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

मग एका वर्षी दादा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

"चार दिवस ये रे दादा," धाकटी फोनवर म्हणायची. "बाबा फार आठवण काढतात."

"अगं, मी रोज बघतो. खोलीत बावीस आहे. मजेत आहेत ते."

"तो आकडा खोलीचा आहे, बाबांचा नाही."

"झाली तुझी रडगाणी सुरू!"

पुढेपुढे त्याने तिचे फोन घेणंच सोडलं. माझ्याकडे डोकावणं मात्र सोडलं नाही. सकाळ-संध्याकाळ तो आकडा विचारायचा आणि मी इमानेइतबारे सांगायचो. बाबा अंथरुणाला खिळले, हाताने घास उचलवेना, तरी माझा आकडा बावीसच होता. तेव्हापासून धाकटीला माझ्याकडे बघायला उसंत मिळाली नाही. जाळी तुंबली, पट्ट्यांवर धुळीचा थर चढला.

थंडी सरली. दुपारी ऊन भाजून काढू लागलं, पण बाबा कुडकुडतच होते, म्हणून मी ऊबच देत होतो. एका सकाळी धाकटी चहा घेऊन आली, हाक मारली, पुन्हा मारली.  मग तिने कप खाली ठेवला आणि हाताने बाबांचे उघडे डोळे मिटले.

डॉक्टर येऊन गेले. शेजारच्या काकू आल्या. त्यांनी देह ठेवायच्या एकुलत्या शीतपेटीसाठी फोन फिरवले, पण ती दुसऱ्या एका घरी गेली होती.

"उन्हं चढायच्या आत नेलेलं बरं, पोरी."

"नाही काकू. थोरल्याने एकदा तोंड बघावं, एवढंच मागायचे बाबा. आज निघाला तर उद्या पोचेल तो."

तिने दादाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"अगं, मेसेज टाक ना."

"असं लिहून कसं कळवू हो काकू?" धाकटीला हुंदका आवरेना. तिने एवढंच लिहिलं, 'लगेच फोन कर.' मग ती भिंतीपाशी आली आणि तिने माझी कळ दाबली.

झडप फिरली. ज्या माणसाला इतकी वर्षं ऊब नेऊन दिली, त्याच्याच खोलीतली ऊब मी बाहेर फेकू लागलो. तुंबलेल्या जाळीतून श्वास ओढत मी खोली गार केली. काकूंनी शाल गुंडाळून घेतली. बाबांचा चेहरा शांत होता, झोप लागल्यासारखा.

आणि दुरून हुकूम आला. दादाने मेसेज पाहिला होता. पण फोन करण्याऐवजी तो सवयीने माझ्याकडे डोकावला. आकडा इतका खाली! त्याने तिकडूनच मला फिरवलं. गार हवा थांबली, गरम सुरू झाली.

धाकटीने धावत येऊन पुन्हा गार केलं. त्याने पुन्हा गरम केलं, या वेळी आकडा जाईल तितका वर नेला आणि भिंतीवरच्या कळांना कुलूप घातलं. ती कळा दाबत राहिली, मला ऐकू येईना. डोक्यावर दुपारचं ऊन होतं. इतकी ऊब मी त्या खोलीत कधीच आणली नव्हती.

"बंद कर गं ते!" काकू ओरडल्या. धाकटीने धडपडत मेन स्विच ओढला तेव्हा खोलीची भट्टी झाली होती. खिडक्या उघडल्या तर बाहेरून झळा आल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दादाच होता, संतापलेला. आवाज खोलीभर घुमला. "काय चाललंय काय तिथे? बाबांची खोली गार का केलीस? त्यांना थंडी सोसत नाही, माहीत नाही तुला?"

"आता सोसते त्यांना, दादा."

 पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि "थांबा, मी निघतोच, मी गार करतो, लगेच करतो." स्विच पुन्हा लागला, त्याचा हुकूम आला, मी जीव तोडून धावलो. पण तापलेल्या भिंती माझ्याने निवेनात. उन्हं कलली तशा काकू नाकाला रुमाल लावून हलकेच म्हणाल्या, "पोरी, आता नको थांबायला." चेहऱ्यावर चादर धाकटीनेच ओढली.

दादा दुसऱ्या दिवशी पोचला. रिकाम्या पलंगावर माझ्यासमोर बसला आणि विचारलं, "कसे दिसत होते गं?"

"सकाळी छान दिसत होते," धाकटी म्हणाली.

तो परत गेला. धाकटीनेही दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि घराला कुलूप लावलं; माझा स्विच मात्र चालूच राहिला. माझ्या पेटीत आता वाळका पाला साचलाय.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर त्याची जाळी धूत जा, पट्ट्या पुसत जा. तो तुमच्यासाठी मरमर राबेल. पण त्याच्या आकड्यावर माणूस सोपवू नका. आम्हाला खोली कळते, खोलीतला माणूस कळत नाही. त्यासाठी तुम्हालाच जावं लागतं, आणि वेळेवर जावं लागतं.

रोज संध्याकाळी मला अजून दुरून हुकूम येतो. बावीस. बंद खोलीत, रिकाम्या पलंगासमोर, मी आपली ऊब नेऊन टाकतो.