अंतर शून्य

योगिनीने पडद्यावरचा ठिपका मोठा करून पाहिला, पान पुन्हा उघडून पाहिलं, तरी तो माणूस काही बसमधून उतरेना. सकाळी दहा वाजता तो मुंबई नाक्यावर चढला होता. बस इंदिरानगरवरून पाथर्डी फाट्याला गेली, तिथून उलटी फिरून निमाणीला पोहोचली, पुन्हा निघाली. तो आतच. अखेर दोनच्या सुमारास त्याने कार्ड टेकवलं आणि जिथे चढला होता तिथेच उतरला. खाली ओळ उमटली : वेळ तीन तास छप्पन्न मिनिटं. अंतर शून्य.

तिने मागच्या नोंदी काढल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सहा आठवडे हेच.

शहरातल्या इलेक्ट्रिक बस, ई-रिक्षा, चार्जिंगच्या जागा असं सगळं एकाच अ‍ॅपवर आणि एकाच कार्डावर आलं त्याला वर्षही झालं नव्हतं. कोण कुठे चढलं, कुठे उतरलं, कुठल्या बसची बॅटरी किती उरली, हे नियंत्रण कक्षात बसून दिसायचं. न जुळणाऱ्या नोंदी जुळवणं हे योगिनीचं काम. कारणं ठरलेली असत. यंत्र बिघडलं, कार्ड हरवलं, नाहीतर दुसऱ्याच कुणी वापरलं. यातलं एकही इथे लागू पडत नव्हतं. बारकू भोये, वय अडुसष्ट, पत्ता पेठ तालुका, दिवसभराचा पास.

"बंद करून टाक ते कार्ड," शेखर सर म्हणाले. "सिस्टीमनेच संशयित ठरवलंय."

"पण सर, कुठे जायचंच नसेल तर पास कशाला काढेल कोणी?"

"म्हणूनच तर संशयित. शुक्रवारपर्यंत काय ते लिहून दे."

बुधवारी ती स्वतःच मुंबई नाक्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. पुढून एक शिडशिडीत म्हातारा चढला, गळ्यात दोरीने अडकवलेलं कार्ड त्याने दोन्ही हातांनी यंत्राला टेकवलं आणि खिडकीशी जाऊन बसला. योगिनी शेजारी बसली. थांबा आला की बसमधला आवाज थांब्याचं नाव पुकारायचा, आणि म्हाताऱ्याचे ओठ ते नाव हलकेच परत म्हणायचे. यापलीकडे तो काहीच करत नव्हता. पाथर्डी फाटा गेला तरी उठला नाही.

"बाबा, कुठे उतरायचंय?"

"मुंबई नाक्याला."

"तो तर केव्हाच मागे गेला."

"येतोय की परत."

आपण बसच्या ऑफिसातून आलोय, असं तिने सांगितल्यावर त्याचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला.

"काय चुकलं का, ताई?"

"चुकलं नाही. पण तुम्ही जाता कुठे, तेच कळेना आम्हाला."



"बायको दवाखान्यात हाय. तिचं रक्त मशिनीत धुत्यात. चार तास लागत्यात. मला आत बसू देत नाय. बाहेर बसलो का जीव घाबरा होतो. ही गाडी थंड हाय, आवाज नाय करत. कुठंबी गेली तरी तिच्याच दारात आणून सोडती." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही ऑफिसातल्या. आत बसू देतील का, येवढं इचाराल?"

"विचारते," योगिनी म्हणाली.

परतीच्या फेरीत ती मुंबई नाक्यावर उतरली. बारकू तसाच पुढे गेला. दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर नर्स भेटली.

"नातेवाइकाला बंदी? छे. पेशंटजवळ एकाला बसता येतं. ते बघा स्टूल."

बारकूच्या बायकोच्या, म्हणजे भागीबाईच्या, खाटेशी स्टूल होतं. रिकामं. योगिनीला काही उमजेना. म्हातारा खोटं बोलला म्हणावं, तर कशासाठी? ती जवळ गेली आणि भागीबाईला सगळं सांगितलं.

"मीच सांगलंय त्याला तसं," भागीबाई म्हणाली. तिचा एक हात नळ्यांना जोडलेला होता, म्हणून ती अजिबात न हलता बोलत होती. "पहिल्या दिशी हितंच बसला व्हता. नळीतलं रक्त बघून त्याचं तोंड काळं पडलं. मी माझं दुखणं सोसू का त्याचं तोंड बघू? म्हटलं, नर्सबाई रागावती, तू फिरून ये."

"आणि तुम्ही इथे एकट्या?"

"पेठची एष्टी धरली का त्याची टकळी चालू. हा पूल बघितला, तो बंगला बघितला. जल्मभर डोंगर चढला-उतरला, बसून असं कधी काय बघितलंच नाय त्यानं. मलाबी घरापोत्तर ऐकायला व्हतं." मोकळ्या हाताने तिने योगिनीचं मनगट धरलं. "सांगशील का काय त्याला, पोरी?"

योगिनी बाहेर येऊन थांब्यावर बसली. मोबाइलवर तिने नोंद उघडली. कारणांच्या यादीतलं "इतर" निवडलं, पुढच्या चौकटीत तीनदा काहीतरी लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं : प्रवासी भेटला. कार्ड चालू ठेवावे.

दोन वाजता बस आली. बारकू जपून उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"इचारलं?"

"विचारलं, बाबा." तिला त्याच्या डोळ्यांत बघवेना. "नाही म्हणतात. नियम फार कडक आहे."

तो आता खचेल, म्हणून ती धीराचं काहीतरी बोलायच्या तयारीत होती. पण बारकूने छातीतला श्वास सावकाश सोडला. त्याचे आखडलेले खांदे सैल पडले.

"नियमच हाय म्हटल्यावर..." तो म्हणाला, आणि झपाझप दवाखान्याच्या फाटकाकडे चालू लागला.