सेटची घूंघूं

शकुबाईंनी कपाळाला बुक्का लावला, कंबर बांधली आणि त्या उभ्या राहिल्या, तेव्हा दिग्रसच्या जिनिंग मिलचं आवार गच्च भरलं होतं. बुडत्या कापसानं माणसांची वाचाच पळवलेली ती वर्षं. घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे; पण बाईंच्या कीर्तनाला लोक यायचे आणि मनात दाटलेलं सगळं गजरात मोकळं करून जायचे.

पण दोन वर्षांपासून बाईंचा गळाच दगा देत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओरडलात तर आहे तोही आवाज जाईल. हळू गा, नाहीतर कीर्तन सोडा. सोडायचं नाव न काढता बाईंनी पूनमसिंग राठोडला निरोप धाडला.

पूनमसिंग यवतमाळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. पण मूळचा तांड्यावरचा, बाईंची कीर्तनं ऐकतच वाढलेला. त्यानं दोन वर्षं खपून प्रीअँप्लिफायर तयार केला. माइकमधला बारीक आवाज उचलून मोठ्या अँप्लिफायरकडे द्यायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पण आवाजाबरोबर कचराही वाढतो, तो वाढू द्यायचा नाही, इथं खरी कसोटी. त्यानं ट्रान्झिस्टर पारखून जोड्या लावल्या, जुन्या लाउडस्पीकर सेटमध्ये असायची ती विजेच्या लाइनीची घूंघूं शिरू नये म्हणून आत बॅटरी बसवली, अर्थिंगच्या तारा एकाच जागी आणून बांधल्या. माइकसमोर कुणी नसताना भोंग्याला कान लावला तरी काही ऐकू येईना. देवघर सारवून ठेवावं तसं त्याला वाटलं.

आज तो डबा पहिल्यांदाच लावला होता. बाईंनी नमन धरलं आणि पहिल्याच ओळीत सूर सुटला. त्यांनी परत धरला, परत सुटला. काठी हरवलेल्या माणसानं जमीन चाचपावी तसा आवाज चाचपडू लागला. बाईंच्या साथीला पेटी नसायची. टाळ आणि रामरावांची ढोलक, बस्स. मागून कुणीतरी खाकरलं. बाईंनी छाती भरून घेतली आणि आवाज चढवला. गळ्याची शीर टरारून फुगलेली पूनमसिंगला बसल्या जागेवरून दिसली.

"मास्तर," रामराव ढोलक न थांबवता पुटपुटले, "तुमचा डबा मेला का जित्ता हाय? बाई वरडून राह्यली ना."

"चालू हाय, काका. मागपर्यंत साफ जाते."

"साफ जाते, मंग ते बिचारी काहून वरडते?"

पूनमसिंगनं आवाजाचं बटण वाढवलं. चुकलेला सूर तेवढा आणखी मोठा झाला. बाई पाणी प्यायच्या निमित्तानं त्याच्याकडे वळल्या, माइकवर पदर धरला. आवाज आत्ताच घोगरा झाला होता.

"पूनमा, सेटची घूंघूं कुठी गेली रे?"

"काढून टाकली, माय. दोन वर्सं त्यातच गेली."

"अरे बाप्पा," बाई म्हणाल्या, "मंग मी सूर कायच्यावर धरू?"

आणि त्या पुन्हा लोकांकडे वळल्या.

इतकी वर्षं जुन्या सेटची ती घूंघूं हाच बाईंचा तंबोरा होता. त्यांना ते आज, ती गेल्यावर कळलं. आणि ती पूनमसिंगनंच काढली होती, खपून खपून.

गजेंद्राचं आख्यान सुरू झालं. मगरीनं पाय धरलाय, आता हत्तीची हाक यायची. त्या हाकेला बाई नेहमी टिपेला जायच्या. आज गेल्या की गळा संपला.

माणसाचं अंग भोवतालच्या तारांमधली वीज पकडतं, हे तो दरसाल पोरांना शिकवायचा. त्यानं डब्याच्या दुसऱ्या, रिकाम्या इनपुटवरचं झाकण काढलं आणि उघड्या टोकावर बोट टेकवलं. दुसऱ्या हातानं बटण थोडं थोडं उघडलं. भोंग्यातून घूं उठली. दोन वर्षं जिच्याशी झगडला, तिला तो आता तळहातावरच्या दिव्यासारखं जपत होता. बोट जरा हललं की ती तुटायची.

बाई ओळीच्या मध्येच थबकल्या. डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी सूर धरला. वर नाही, खाली, जवळजवळ कुजबुजीत. हत्तीची हाक एवढी हळू कुणी ऐकली नव्हती. पण पार भिंतीला टेकून बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

"आता झाला जित्ता," रामराव म्हणाले.

गजर सुरू झाला. सारं आवार टाळ्या वाजवत होतं. पूनमसिंगचं बोट बधिर झालं होतं, पण ते उचलायची सोय नव्हती; तो टाळीशिवाय, नुसत्या तोंडानं नाव घेत राहिला.