आढळला नाही

लाँड्रीत सगळ्यात वाईट चिठ्ठी असते ती ‘आढळले नाही’ची. चार हॉटेलांचे गठ्ठे एकाच दिवशी आले की एखादा टॉवेल, एखादी उशीची खोळ कुठंतरी गडप होते. मुकादम चिठ्ठीवर हे दोन शब्द खरडतो आणि मग धुलाईपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची झाडाझडती सुरू होते. इस्त्रीच्या टेबलावरच्या कडकताईची जरा जास्तच. घडी कडक घालते म्हणून हे नाव पडलं, स्वभावाशी त्याचा संबंध नाही, असं ती स्वतः सांगते. दुसरं कोणी सांगत नाही.

तर दवाखान्याच्या खिडकीतून मिळालेला कागद तिनं उभ्या उभ्या वाचला आणि तिचं डोकंच सरकलं. ‘एचआयव्ही विषाणू : आढळला नाही.’

म्हणजे हरवलं यांनी माझं रक्त! आणि तेही नेमकं या वेळचं.

या वेळच्या कागदावर बरंच काही अडकलं होतं. लाँड्रीतल्या बॉयलरवाल्यानं महिन्यापूर्वी तिला लग्नाचं विचारलं होतं. पन्नाशीला टेकलेला, एकटा, कमी बोलणारा माणूस. तिनं काही लपवलं नाही. नवरा याच आजारानं गेला, मलाही आहे, सहा वर्षं रोज गोळी घेते, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. तो वाफेचा काटा बघत राहिला, आणि मग म्हणाला, “गोळी जेवणाआधी असते की जेवणानंतर?”

तिला हसावं की रडावं कळेना. “रिपोर्ट येऊ दे, मग सांगते,” एवढंच ती म्हणाली. माझ्यामुळं या भल्या माणसाला काही झालं तर, ही भीती मात्र तिनं सांगितली नाही.

आता ती तरातरा काउन्सिलर मॅडमच्या खोलीत शिरली आणि कागद टेबलावर ठेवला.

“कुठं घालवलंत माझं रक्त?”

“बसा आधी. घालवलं नाही हो. तपासलंय.”

“मग आढळला नाही कसा? नीट शोधा की.”

“यंत्रानं शोधलाय, ताई. रक्तात इतका कमी उरलाय की यंत्रालाही सापडत नाही.”

कडकताई खुर्चीत टेकली. “म्हणजे गेला?”

“गेला नाही, दडून बसलाय. गोळ्या सोडल्यात तर पुन्हा डोकं वर काढेल. पण रोज गोळी चालू ठेवून रिपोर्ट असाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.”

“कमी लागतो?”

“लागत नाही.”

“परत म्हणा.”

मॅडम परत म्हणाल्या. मग फाइल चाळून हसल्या. “अहो, गेल्या वर्षीही हेच लिहिलंय!”

गेल्या वर्षी नर्सनं नुसतं ‘छान’ म्हणून कागद फाइलला लावला होता. छान काय, सगळ्यांनाच म्हणत असतील, असं समजून कडकताई घरी गेली होती. तेव्हापासून एक आख्खं वर्ष ती उगाचच घाबरत होती.

“जोडीदारालाही घेऊन या,” मॅडम म्हणाल्या. “त्यांचीही तपासणी करू. निरोध घेऊन जा, बाकीचे आजार असतात, दिवस राहायला नको असतील तरी उपयोगाचे. आणि मूल हवं असेल तर आधी येऊन बोला. त्यालाही वाट आहे.”

“या वयात?”

“वय कुठं विचारलं मी?”

घरी सासू भाजी निवडत बसली होती. हीच ती बाई, जी मुलगा गेल्यावर सुनेचा हात धरून तिला पहिल्यांदा त्या दवाखान्यात घेऊन गेली होती. मुलानं तपासणी टाळली, ही टाळणार नाही, असं तिनं डॉक्टरांना ठणकावलं होतं. भावकीनं दोघींना दारात उभं केलं नाही, तेव्हाही तिनं सुनेचं ताट आपल्या ताटाला लावूनच वाढलं. रोज संध्याकाळी आठला गोळीसाठी पाण्याचा पेला पुढं यायचा. भांडण झालं तर पेला जरा जोरात आपटायचा, पण यायचा.

कडकताईनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “आई, तुम्ही नसता तर मी…”

“पुरे. भाजीत अश्रू नकोत, मीठ आहे घरात.” सासूनं शेंगा मोडल्या. “मग हो म्हणालीस का त्याला?”

“तुम्हाला टाकून?”

“मला काय टाकतेस? मी काय जुनी चादर आहे? त्याला विचार की, म्हातारी चालेल का.”

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. बॉयलरवाला म्हणाला, “मग खोली जरा मोठी बघावी लागेल,” आणि कोळसा सारखा करायला वळला.

शनिवारी तिघं दवाखान्याच्या बाकावर बसली. दिवसभर आगीशी खेळणारा माणूस, पण सुई बघून पांढराफटक पडला. सासूनं त्याचा दुसरा हात धरला. “तिकडं बघू नकोस. माझ्याकडं बघ. श्वास घे, मेला नाहीस अजून.”

अर्ध्या तासानं त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पुन्हा कधी यायचं ते मॅडमनी समजावलं, आणि फॉर्म भरता भरता त्याला विचारलं, “या आजी तुमच्या कोण?”

कडकताई फॉर्मकडं बघू लागली. पहिल्या नवऱ्याची आई, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?  सहा वर्षांत सासू पहिल्यांदाच शब्द शोधत होती.

बॉयलरवाल्यानं दंडावरचा कापूस दाबून धरला होता. “माझ्या सासूबाई,” तो म्हणाला.