तेविसाव्या दिवसाचं मनन

कुंडलिकतात्यांचा उपवासकाळ म्हणजे सणसरच्या ख्रिस्ती मंडळीत बघण्यासारखी गोष्ट. उपवासकाळाचा पहिला दिवस, भस्म बुधवार, उजाडला की तात्यांची विडी बंद, चहा बंद, एक वेळचं जेवण बंद, मटणाचं तर नावच काढू नका. आणि एवढ्यावर भागतंय कुठं? रोज पहाटे कालव्याच्या काठावर जाऊन उघड्या दगडगोट्यांत गुडघे टेकायचे आणि खड्या आवाजात प्रार्थना करायची. घरात केलेली प्रार्थना देवाला ऐकू येते, हे तात्यांनाही ठाऊक होतं. पण ती कालव्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू येत नाही, एवढा फरक पडतोच ना!

माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अडीनडीला धावून जायचा, मळ्यातली भाजी विकताना मापात कधी पाप केलं नाही. फक्त आपण चार बुकं जास्त शिकलोय आणि देवाच्या जरा जवळचे आहोत, हे त्याला विसरता यायचं नाही. गावात ख्रिस्ती घरं नऊ. उपवासकाळात बारामतीहून पाळकसाहेब एक कागद धाडायचे, त्यावर चाळीस दिवसांचे चाळीस विषय. रोज दिवेलागणीला एकेका घरी सगळे जमायचे, गीत म्हणायचे, शास्त्र म्हणजे बायबल वाचायचे आणि मग कुणीतरी त्या दिवसाच्या विषयावर मनन सांगायचं. बाकीच्यांची बोबडी वळायची, म्हणून हे काम बहुतेक तात्यांकडेच यायचं. तात्यांना त्याचं काही ओझं वाटायचं नाही.

पंचावन्न सालची गोष्ट. तेविसाव्या दिवशी मंडळी तात्यांच्याच घरी जमायची होती आणि कागदावर विषय होता, बांधलेल्यांना मोकळं करणं हाच देवाच्या आवडीचा उपास. तात्या खूश. विषय कसा, अगदी त्यांच्या तोंडी शोभणारा.

त्या पहाटे ते नेहमीसारखे निघाले. मळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कालव्याकडच्या वाटेवर एक भलीमोठी काटेरी फांदी आडवी लावलेली. ती ओढून बाजूला करायची, बाहेर पडायचं आणि पुन्हा जागेवर लावायची, असा रिवाज. तात्यांनी फांदी बाजूला केली आणि संध्याकाळची वाक्यं मनात घोळवत तसेच पुढं गेले. गुडघे टेकले, डोळे मिटले. प्रार्थना लांबली. डोळे उघडून मागं बघतात तर काय, मेथीच्या वाफ्यांत चार शेळ्या! दुसऱ्या दिवशी बारामतीच्या बाजाराला जायची मेथी, दोन वाफे पार साफ.

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेळ्या बानूबाईच्या होत्या. कालव्यापलीकडे झोपडीत राहणारी ही धनगरीण. नवरा बिरू मेंढरं घेऊन लांब गेलेला, आणि पाठीमागं हिच्याजवळ या चार शेळ्या, बस्स. ती धावत येऊन आधीच शेळ्यांना हुसकत होती. पण तात्यांनी ना तिच्याकडं बघितलं, ना काही विचारलं. काठी उचलली आणि चारी शेळ्या सरळ चावडीजवळच्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. शेळ्यांनी कुंपण मोडलं, अशी तक्रार त्यांनी दत्तोबाला लिहायला लावली. दत्तोबा कोंडवाड्याचा राखणदार, नियमाचा पक्का. सरपंच इंदापूरला गेले होते, ते उद्या येऊन नुकसानीचं ठरवणार, तोवर कुलूप निघायचं नाही, असं त्यानं बानूबाईला सांगितलं. तक्रार देणाऱ्यानं तक्रार मागं घेतली तर गोष्ट वेगळी. बानूबाईनं ऐकून घेतलं आणि कोंडवाड्याच्या दाराशी फतकल मारून बसली. तात्यांना ती एक शब्द बोलली नाही.

तात्या मळ्यात परतले आणि वाटेवर थबकले. कुंपण जसंच्या तसं होतं. काटेरी फांदी मात्र बाजूला पडली होती, त्यांनीच पहाटे टाकली होती तिथं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि झटकन फांदी ओढून जागेवर लावली. हाताला काटा लागला, तोही चोखला. मग घरात येऊन कागद-पेन घेतलं आणि मोकळं करण्यावर पाच पानं लिहिली. लिहिता लिहिता चार वेळा उठून पाणी प्यायले.

उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांची बायको साखरबाई गावातून आली. सतरंजी झटकता झटकता तिनं सांगितलं, की बानूबाई सकाळपासून तिथंच बसली आहे, पोटात अन्न नाही. आणि तिची हरणी नावाची शेळी दिवसांत आहे, आज-उद्या विणार. कोंडवाड्यात दोन मारके बैल आहेत. हरणी कोपऱ्यात उभी राहून थरथरतेय.

"शेळ्या कुंपण मोडून आल्या, असं लोक म्हणत्यात," साखरबाई म्हणाली. "मी आत्ता बघून आले. कुंपण कुठंच मोडल्यालं न्हाय."

साखरबाईनं सतरंजी अंथरली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

आता इथं घोडं पेंड खात होतं. तक्रार मागं घ्यायची तर कारण सांगावं लागणार. कारण खरं सांगितलं तर चावडीवरची दहा माणसं हसणार, आणि उद्यापासून मननाला उभं राहिलं की प्रत्येकाच्या डोळ्यांत ती काटेरी फांदी दिसणार. नाही सांगितलं तर एक मुकं जनावर बैलांच्या पायांखाली मरणार, पोटातल्या जिवांसकट. आणि आपण इथं सतरंजीवर बसून मोकळं करण्यावर बोलणार! तात्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पागोटंही घातलं नाही, तसेच निघाले.

चावडीवर माणसं होतीच. तात्यांना वाटलं होतं, दत्तोबाला बाजूला घेऊन हळूच सांगावं. पण दत्तोबाचे कान जरा जड, आणि हळू बोललेलं त्याला कळायचं नाही. मग काय, चार वेळा कुजबुजून झाल्यावर तात्यांनी सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगितलं.

"शेळ्यांनी कुंपण मोडलं न्हाय. फांदी मीच उघडी टाकली व्हती. मी खोटं लिहायला लावलं."

कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. दत्तोबानं मात्र शांतपणे वही काढली, तात्यांचा अंगठा नको, सहीच घेतली, आणि कुलूप उघडलं. हरणी बाहेर आली ती पाय ओढतच. बाकीच्या तीन शेळ्या पुढं, मग बानूबाई, मग हरणी, आणि सगळ्यांत मागं तात्या, अशी वरात निघाली.

कालव्याच्या लिंबापाशी पोचतात न पोचतात तोच हरणी बसली. बानूबाईनं तिच्या पोटावर हात फिरवला आणि मान हलवली. इथंच विणार म्हणाली. बानूबाईनं सांगितलं, डोकं धरा, तर तात्यांनी गुडघे टेकले आणि हरणीचं डोकं मांडीवर धरलं. मननासाठी घातलेलं पांढरंधोप धोतर मातीत गेलं, पुढं आणखी कशाकशात गेलं. पहिलं करडू सुखरूप आलं. दुसरं आलं ते हलेचना. बानूबाईनं त्याचं नाक पुसलं, पाय धरून झटकलं, तोंडात फुंकर घातली. तात्यांच्या तोंडून प्रार्थना निघाली, पण ती इतकी बारीक की शेजारच्या बानूबाईलाही ऐकू गेली नसेल. एकाएकी करडू शिंकलं आणि बें करून ओरडलं.

तात्यांचा जीव भांड्यात पडला. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडूच कोसळलं. हरणी दोन्ही पिल्लांना चाटत होती. थोड्या वेळानं तात्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी व्हती. सकाळपास्नं मला ठाऊक व्हतं."

"मला बी ठाऊक व्हतं," बानूबाई म्हणाली. "तुमी फांदी टाकून गेलात तवा मी समोरच्या बांधावरच व्हते."

तात्या तिच्याकडं बघतच राहिले. "मग हाक का न्हाय मारली?"

"तुमी डोळं मिटून बसला व्हता. देवासंगं बोलणाऱ्या माणसाला हाक कशी मारायची, तात्या? म्हटलं, आपणच जाऊन फांदी लावावी. तवर या रांडा आत शिरल्या."

"आन् चावडीवर? तितं तरी सांगायचं."

बानूबाई धाकट्या करडाला पदरानं पुसत होती. "तुमी सांजच्याला लोकास्नी देवाचं सांगता. चारचौघांत तुमचं तोंड मी कशापायी काळं करू? मला वाटलं, ध्यानात आलं की याल. आलात की."

तात्यांनी दोन्ही करडं उचलून तिच्या झोपडीपर्यंत नेली, हरणीला पाणी पाजलं आणि मग घराकडं निघाले. दिवे लागले होते. मंडळी चौथं गीत म्हणत वाट बघत होती. म्हातारा सोनबा सगळ्यांत पुढं बसला होता. तात्यांच्या धोतराकडं बघून गीत मधेच थांबलं.

साखरबाईनं ती पाच पानं आणून पुढं ठेवली. तात्यांनी ती उघडली नाहीत. सकाळपासून काय काय झालं ते त्यांनी उभं राहून सांगितलं, फांदीसकट, वहीतल्या सहीसकट. आवाज नेहमीसारखा खडा नव्हता, मागच्यांना कान द्यावा लागला. शेवटी बानूबाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं. मग म्हणाले, "आज खरा उपास तिनं केला. मी नुसता उपाशी व्हतो," आणि खाली बसले.

मग सोनबानं घसा साफ करून प्रार्थना केली, अगदी साधी, दोन-चार वाक्यांची, आणि शेवटी बानूबाईच्या घरासाठी आणि हरणीच्या दोन करडांसाठी आशीर्वाद मागितला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तात्यांचं आमेन सगळ्यांत उशिरा आलं, पण त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की तेवीस दिवसांत असं एकदाही वाटलं नव्हतं.