माझ्या पाठीवरची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे आणि मला भीती वाटते. हसू नका. तलवारीला कसली आली भीती, असं मलाही गेल्या खंडेनवमीपर्यंत वाटत होतं.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. मला घडवणाऱ्यानं माझ्या पाठीवर, मुठीजवळ, आपलं आणि आपल्या गावाचं नाव ठोकलं. मुठीच्या पट्टीवर पलटणीचा आकडा पडला. एका गोऱ्या घोडेस्वाराच्या कमरेला लटकत मी जालन्याच्या छावणीत आले, तेव्हा लोक मला बघून वाट सोडत. पुढं स्वार गेला, घोडे गेले, आणि मी धावडा गावच्या एका गोठ्यात बाभळीचे काटे छाटत गंजून गेले.

तिथून मला परतूरच्या राधेश्याम शेटजींनी आणलं. त्यांचं दुकान भुसार मालाचं, पण जीव सगळा जुन्या तलवारींत. माझा बाक, पात्यावरची खोबण, मुठीच्या तीन पट्ट्या ते भिंगातून न्याहाळत. अक्षरं मात्र गंजाखाली दडलेली. मी कुठली, कोणाची, हे ओळखायला त्यांनी संग्रहालयातल्या शीतल मॅडमना बोलावलं.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. दुकानातली वजनं, सुरी, कुऱ्हाड, सगळं घासून पुजायचं. स्टेशनला निघताना शेटजी त्यांच्या जुन्या मापाड्याला म्हणाले, "संपतराव, मॅडम येऊन राह्यल्या. तवर ही तलवार बिलकुल चकाचक पायजे. मागच्या साली ती दुसरी केल्ती ना, तशी."

माझा थरकाप उडाला. ती दुसरी माझ्या शेजारीच टांगलेली होती. आरशासारखी लख्ख, आणि पाठ कोरी. वर्षभर मी तिला नाव विचारत होते. तिला ते सांगताच येत नव्हतं.

संपतनं ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या. थांब रे बाबा, माझं नाव जाईल, असं ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठलं! आधी मुठीची पट्टी घासली. दीडशे वर्षं जपलेला आकडा बघता बघता गेला. मग चाक पाठीवर आलं आणि टोकाकडून मुठीकडं सरकू लागलं. मी भीतीनं थरथरत होते. संपतला वाटलं, मशीनच थरथरतंय.

"जल्दी करा, पूजेचं ताट तयार हाय," शेटजींच्या पत्नी प्रेमबाई आतून म्हणाल्या. चाक पहिल्या अक्षरांना भिडलं होतं.

संपतनं मशीन थांबवून धूळ पुसायला अंगठा फिरवला, आणि तो थबकला. तीस वर्षं दर नवमीला तो वजनं घासत आला होता. पण वजनाच्या बुडाशी भरलेल्या शिशावरचा सरकारी शिक्का सोडून. शिक्का गेला की वजन बाद, हे त्याचा अंगठा जाणून होता.

"भाभीजी, हिला शिक्का हाय!"

"मंग?"

"मंग म्या न्हाई घासणार. शेटजी रागावले तरी चालंल. गंजल्यालीच पुजा."

प्रेमबाईंनी गंजावरच हळदकुंकू वाहिलं.

शीतल मॅडम आल्या. तेलाच्या बोळ्यानं त्यांनी हळूहळू गंज उतरवला आणि वाचलं. घडवणाऱ्याचं नाव अर्धं उरलं होतं, गाव पूर्ण. शेटजींना आनंद मावेना.

"आता पलटण बघू. आकडा या पट्टीवर असतो," म्हणून मॅडम वाकल्या. पट्टी गुळगुळीत होती.

शेटजींची नजर शेजारच्या लख्ख तलवारीकडं गेली आणि तिथंच राहिली. संपतनं मान खाली घातली.

"तुमची न्हाई संपतराव, चूक माझी हाय," शेटजी म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, त्यांना तेलाचं बोट लावा. पण घासायच्या आधी एकदा अंगठा फिरवून बघा. माझं अर्धं नाव एका अंगठ्यानं वाचलं. शेजारची ती अजून लखलखते. येणारे जाणारे तिलाच आधी हातात घेतात, कौतुक करतात आणि विचारतात, "ही कुठली?"