मेंढ्यांना झगे, लेकीला हातमोजे

आमच्या कप्तानाने जन्मात कधी होडीतसुद्धा पाय ठेवला नव्हता. तो मेंढ्या पाळायचा. पण त्याच्या काळ्या लोकरीच्या मेंढ्या मुळात आल्या कुठून, असं कुणी विचारलं की तो एक जहाज बुडवायचा. वादळात सगळे खलाशी गेले, एकटा काळा मेंढा पोहत किनाऱ्याला लागला, आणि तोही जहाजाच्या कप्तानाची कॉलर दातात धरून. पुढेपुढे त्या मेंढ्याला दिशाही कळू लागली, ताऱ्यांवरून. गोष्टी फुगवण्यात मी काही कुणाला हार जाणारा नाही, पण ताऱ्यांपाशी मीही हात टेकले. लोक त्याला कप्तान म्हणू लागले ते तेव्हापासून.

मेंढ्या मात्र खऱ्या होत्या, आणि फार दुर्मीळ. अंगाने लहान, शिंगं मागे वळलेली, खाणं बेताचं. व्यायला कुणाची मदत लागत नाही. कोकरू जन्मतं ते कोळशासारखं काळं. पुढे ऊन खाऊन लोकरीची टोकं तपकिरी पडतात, आणि म्हातारपणी माणसासारखीच ती पिकते. ही लोकर रंगवावी लागत नाही. तिचा सगळा मान त्या अस्सल काळ्या रंगाला. म्हणून कप्तान मेंढ्यांना कापडाचे झगे घालायचा. उन्हाने रंग उतरू नये म्हणून.

झगे बेतून उरलेल्या कापडातून त्याची बायको लेकीसाठी लांब बाह्या आणि हातमोजे शिवायची. उन्हाने रंग चढू नये म्हणून.

एकच घर, एकच मशीन, एकच तागा. आणि मंडळी, त्या घरात याचं कुणाला हसू येत नव्हतं.

"बाह्या ओढ खाली," आई म्हणायची. "आधीच काय कमी आहे?"

"मी मेंढी असते ना आई, तर तू मला पाहुण्यांपुढे मिरवलं असतंस," लेक म्हणायची आणि हसायची. ती हसायची, म्हणून सगळे धरून चालले की तिला लागत नाही.

कळप तीच सांभाळायची. पाय दुखावलेली मेंढी ती नुसत्या चालीवरून ओळखायची. पुढेमागे कळप तिच्याच हाती जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

मग लोकरीच्या प्रदर्शनासाठी मोठा फोटो काढायचं निघालं. फोटोग्राफर आला. लेक सर्वांत काळं कोकरू कडेवर घेऊन उभी राहिली.

"साहेब, काळ्यावर काळं उठून दिसत नाही हो," फोटोग्राफर म्हणाला.

कप्तानाने फार विचार केला नाही. मेहुण्याची गोरी मुलगी सुट्टीला आली होती. कोकरू तिच्या हातात गेलं. लेकीच्या हाती उजेड परतवायचा पांढरा पुठ्ठा आला. कोकरू तिच्याकडे मान वळवून ओरडत राहिलं.

"जरा बाजूला हो गं," बाप म्हणाला. "ते तुझ्याकडेच बघतंय."

प्रदर्शनाच्या दिवशी तो फोटो लेकीनेच स्टॉलच्या भिंतीवर टांगला. वर ठळक अक्षरात छापलं होतं: जन्मजात रंग, आमचा अभिमान. ती बराच वेळ बघत राहिली. मग गोठ्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेली. कप्तान तेव्हा जहाज बुडवण्यात गुंतला होता.

शेजारी त्याची थोरली बहीण चरख्यावर लोकर कातत होती. एका गिऱ्हाईक बाईंनी शाल हातात घेतली.

"रंग जाणार नाही ना?"

"जन्माचा रंग आहे बाई," कप्तान छाती काढून म्हणाला. "ज्याला तो काढून टाकावासा वाटेल त्याने हिच्या वाटेला जाऊ नये."

चरखा थांबला.

"हे घरी कधी बोलला असतास, तर पोर गेली नसती," बहीण म्हणाली.

"कुठे गेली?"

"किल्ल्या बघ. आणि ते तुझं जहाज आता बुडव एकदाचं. आपल्या पणजीने हा कळप कसा जमवला, विसरलास? लोकांच्या पांढऱ्या कळपात एखादं काळं कोकरू निपजलं, की ते डाग म्हणून बाहेर टाकून द्यायचे. ती ते पदराखाली घेऊन यायची. टाकलेल्यांचा कळप आहे हा. त्याच्या जिवावर तू कप्तान झालास, आणि टाकलंस कुणाला? मेंढी घेताना लोकर फाकवून आत बघतोस. पोर मात्र वरवर बघितलीस."

कप्तानाने टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. जहाज अर्धवटच राहिलं.

लेक दूरच्या एका मेंढपाळाकडे कामाला लागली होती. कप्तानाने तिला फोन केला, चुकलो म्हणाला, नवा फोटो काढू म्हणाला.

"इथल्या मेंढ्या पांढऱ्या आहेत बाबा," ती म्हणाली. "इथे झगे कुणालाच घालत नाहीत. मी बरी आहे."

ती परतली नाही. वेताचा हंगाम आला, मेंढ्या आपल्याआपण व्याल्या. त्यांना तिची गरज नव्हती. गरज घरातल्या माणसांना होती. आईने उरलेलं कापड घडी घालून ठेवून दिलं. पुन्हा काही शिवलं नाही.

कप्तानाने फोटोग्राफरकडून मूळ फोटो मागवला, न कापलेला. त्याच्या कडेला पुठ्ठा धरलेले दोन सावळे हात आहेत, हातमोज्यांशिवायचे. आता तोच भिंतीवर असतो. येणारा जाणारा विचारतो, हे कडेचे हात कुणाचे?

"माझ्या लेकीचे," तो सांगतो. "आम्ही तिला कापून काढलं होतं."

जहाजाची गोष्ट तो आता सांगत नाही. मला त्या गोष्टीची चुटपुट लागते, पण सांग म्हणायची हिंमत होत नाही.

तेव्हा मंडळी, शालीच्या काळ्या रंगाला वाहवा म्हणण्याआधी आपल्या घरात एकदा बघून घ्या, कुणाच्या हाती पुठ्ठा देऊन ठेवलाय ते. रंगावरून माणूस बाजूला करायला क्षण पुरतो. चूक कळल्यावर ते माणूस परत येईलच, असं मात्र माझ्यासारख्या थापाड्यालाही सांगवत नाही.