बुडणाऱ्याने पाय मारायचे नाहीत

"सुन्नेवा, इकडे ये. केस ओले केले म्हणजे आंघोळ होत नाही."

"केली गं मी, हेर्दिस! देवाशप्पथ!"

"देवाला मधे आणू नकोस, त्याला नाही पोहायचं. साबण कुठंय? डोकं, काखा, जांघा, पाय. चल, फीर मागे."

मी गळ्यात शिट्टी अडकवत दारातून ऐकत होते. आमच्या खाडीवरच्या शाळेत मी एकतीस वर्षे पोहणे शिकवले. त्यातली सव्वीस वर्षे हेर्दिस बायकांच्या न्हाणीघराच्या दाराशी लाकडी स्टुलावर बसलेली होती. साबणाने अंग धुतल्याशिवाय तलावात पाऊल टाकायचे नाही, हा आमच्याकडचा नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायचे, ओली फरशी रबरी पट्टीने ओढायची, मुली विसरून गेलेले टॉवेल वाळत घालायचे, एवढीच तिची नोकरी. गावातली प्रत्येक बाई तिने उघडी पाहिलेली. कुणाच्या पोटावर टाके, कुणाला दिवस गेलेले, कुणाच्या दंडावर निळे वळ, सगळे तिला सर्वांच्या आधी कळायचे. तिच्या तोंडून कधी काही बाहेर आले नाही. मात्र ज्या बाईच्या दंडावर वळ होते, तिच्या नवऱ्याशी तिने जन्मभर बोलणे टाकले.

सुन्नेवा बारा वर्षांची, सातवीतली. अंगाने थोराड, खांदे एखाद्या कोळ्यासारखे रुंद, वर्गात सगळ्यात वजनदार. तिच्यासाठी हेर्दिस भिंतीलगतचा शेवटचा शॉवर मोकळा ठेवायची आणि दर मंगळवारी बरोबर त्याच्यासमोरच्या खुंटीवर एक भला मोठा टॉवेल वाळत घालायची.

"तिथं कुठं वाळतोय तो? सगळी ओल तिथंच," मी एकदा म्हटले.

"असू दे गं," ती म्हणाली. तो आडोसा होता, हा प्रकाश तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पडला.

ब्याण्णव सालच्या एप्रिलची ही गोष्ट. कॅलेंडरात उन्हाळ्याचा पहिला दिवस येऊन गेला होता, आणि तलावाच्या कठड्यावर अजून वीतभर बर्फ होता. पाणी मात्र जमिनीतून येते तेच गरम. वाफेत मुलांची नुसती डोकी दिसायची. त्या वर्षी सातवीत सात मुले होती आणि वसंतभर त्यांची एकच तयारी चालली होती, जीव वाचवण्याच्या परीक्षेची. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारायची, तळाशी टाकलेली रबरी कडी वर आणायची, आणि एका सोबत्याला उताणे धरून पंचवीस मीटर ओढत न्यायचे. आजही आमच्याकडे पोहणे आल्याशिवाय शाळा पुरी होत नाही. आमच्या गावात त्याला कुणी नाके मुरडत नसे. घरोघरी भिंतीवर एखाद्या न परतलेल्या माणसाचा फोटो असायचाच.

परीक्षेत ज्याला ओढायचे त्याने मेल्यासारखे पडून राहायचे. पण मित्राला मदत म्हणून मुले पाण्याखाली हळूच पाय हलवत. मी काठावरून ओरडायची, "बुडणाऱ्याने पाय मारायचे नाहीत!"

सात मुलांच्या तीन जोड्या होतात. उरायची ती सुन्नेवा.

"तिला कोण ओढणार? ट्रॅक्टर?" असे एक मुलगा म्हणाला, आणि सगळी वाफ हसली. मी त्याला दोन फेऱ्या जास्त पोहायला लावल्या. त्याने काय होते? तिने ओढलेलेही कुणाला नको होते. "ती आपल्या अंगावरच पडेल," मुली कुजबुजायच्या. सुन्नेवा मग रबरी बाहुल्याला ओढायची. तो बाहुला तिच्याइतक्या शांतपणे कुणीच ओढत नव्हते. पण परीक्षेला बाहुला चालत नसे, जिवंत माणूस लागायचे.

त्याच आठवड्यात तलावाचा व्यवस्थापक एर्लिंगुर कॉफीच्या वेळी एक कागद घेऊन आला.

"गावच्या कचेरीतून पत्र आलंय. एक जूनपासून तलावाच्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाला जीव वाचवण्याची परीक्षा. मला, तिकीटवालीला, हेर्दिसला. दोनदा घोळ कशाला? वीस मेला सातवीच्या पोरांबरोबरच उरकून टाकू. हेर्दिस, पायजमा घालून ये हं, फुलाफुलांचा!"

हेर्दिस हसली. साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायची तिची सवय होती. एर्लिंगुरची पाठ फिरल्यावर तिने तो खडा काढून बशीत ठेवला.

"बिर्ना, मी नोकरी सोडते."

"फुलाफुलांच्या पायजम्यासाठी?"

"मला पोहता येत नाही."

मला हसूच आले. आमच्याकडे हे म्हणणे म्हणजे मला जेवता येत नाही म्हणण्यासारखे. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिले.

ती खाडीच्या पार टोकाच्या वस्तीवर वाढलेली. त्या काळी तिथल्या मुलांना वसंतात दोन आठवडे डोंगरापलीकडच्या गरम कुंडावर पोहायला नेत. ती बारा वर्षांची झाली आणि तिचा नंबर आला, त्याच महिन्यात तिच्या बापाची होडी उलटली.

"किनाऱ्यावरून दिसत होती गं. आई आणि मी दगडांवर उभ्या. हाकेच्या अंतरावर. चौघं होते, एकालाही पोहता येत नव्हतं. मग आईने मला कुंडावर धाडलंच नाही. पुढच्या वर्षी मास्तर नवा आला. म्हणाला, 'तुझं पोहणं झालं ना?' मी मान डोलावली. त्यानंतर कुणी विचारलंच नाही."

"आणि इथं नोकरी मागितलीस तेव्हा?"

"मासळीचा कारखाना बंद पडला होता. एर्लिंगुरच्या बापाने विचारलं, साबणाने हाताला खाज येते का. नाही म्हटलं."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. अठ्ठावन्न वर्षांची होती ती. नवरा गेलेला, मुलगा दूर शहरात. ते स्टूल हेच तिचे घर होते म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, तलाव उघडायच्या आधी, मी तिला पाण्यात घेऊ लागले. डोक्याखाली माझा तळहात असेपर्यंत ती छान तरंगायची. हात काढला की चाकू मिटावा तशी मिटायची आणि सरळ तळाला.

"मान सोड."

"सोडलीये की."

"ह्याला सोडणं म्हणतात? खिळा बरा तुझ्यापेक्षा."

तीन आठवडे हेच चालले. मेच्या मध्यावर एका सकाळी ती शिडीला धरून खोकत राहिली आणि म्हणाली, "पुरे, बिर्ना. पोरांची परीक्षा झाली की मी एर्लिंगुरला राजीनामा देते. लिहून ठेवलाय."

"मी पास लिहून टाकते. कोण बघायला येतंय?"

"आणि उद्या एखादं पोर तळाशी गेलं, आणि काठावर मी एकटी असले तर?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षं रोज दारातून डोकी मोजलीत मी. एक कमी दिसलं की माझा जीव गळ्याशी यायचा. आता नको."



वीस मेला आईबाप कोट गुंडाळून बाकांवर बसले होते, हातात थर्मासची कॉफी. हिमकणांची भुरभुर चालली होती. सहा मुलांचे झाले. मी सुन्नेवाचे नाव पुकारले. ती बापाच्या जुन्या शर्टात काठावर उभी होती. जिला मी सुन्नेवासाठी दुसऱ्यांदा बुडणारी व्हायला सांगून ठेवले होते ती मुलगी टॉवेलात शिरून म्हणाली, "मला थंडी वाजतेय." तिच्या आईने आपल्या कपात पाहिले.

"मी येतो," एर्लिंगुर बूट काढत म्हणाला.

"नको." सुन्नेवा मागे सरकली. "तू पाय मारशील."

"नाही गं मारणार."

"मारशील. मोठी माणसं मारतातच. मग सगळे म्हणतील, त्यानेच नेलं तिला. मला नाही द्यायची परीक्षा."

न्हाणीघराच्या दारातून हेर्दिस बाहेर आली. लोकरी जाकीट, स्कर्ट, पायात सपाता.

"मी येते."

"तूही मारशील."

"मला येत नाहीत मारता." साबणासाठी हाक मारायची तोच तिचा आवाज, बाकांपर्यंत सहज पोचणारा. "पोहताच येत नाही मला. कधीच आलं नाही."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. एर्लिंगुरच्या हातात एक बूट तसाच राहिला. सुन्नेवाने माझ्याकडे पाहिले.

"खरं सांगतेय ती," मी म्हटले.

"मग तू बुडशील," सुन्नेवा तिला म्हणाली.

"तू आहेस ना."

हेर्दिसने सपाता काढल्या, जोडीने नीट ठेवल्या, आणि खोल बाजूच्या शिडीवरून पाठमोरी उतरू लागली. मी लांब काठी घेऊन धावले. बुडणारे माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारते आणि दोघे खाली जातात, हे मी दर वर्षी शिकवत आले होते. "हेर्दिस, नको," मी हळूच म्हटले.

"बिर्ना, गप."

सुन्नेवा पाण्यात उतरली होती. तिने हेर्दिसच्या हनुवटीखाली हात घातला. "माझ्या गळ्याला धरायचं नाही. हात पोटावर. आभाळाकडे बघ. शिडी सोड आता."

हेर्दिसने शिडी सोडली.

मी काठाकाठाने चालत होते, काठीचे टोक दोघींच्या जवळ धरून. सुन्नेवा घाई करत नव्हती. तिचे रुंद खांदे पाण्यात मागे मागे सरकत होते आणि तिच्या छातीवर हेर्दिसचे पांढरे डोके होते. अर्ध्यावर एक लाट हेर्दिसच्या तोंडावरून गेली. ती खोकली, तिचा एक हात वर आला आणि सुन्नेवाच्या मानेकडे निघाला. मी काठी खाली केली. सुन्नेवा न थांबता तिच्या कानाशी काहीतरी बोलली. हात हवेत थांबला, मग सावकाश पुन्हा पोटावर गेला. काय बोलली ते मी दोघींना पुढे कितीदा विचारले. दोघींनीही सांगितले नाही.

पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा बाकांवरून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे उभे राहिले होते, एवढेच.

एर्लिंगुरने निकालाचा तक्ता पुढे केला. "हेर्दिस, तुझ्या नावापुढे काय लिहू गं?"

"नापास. स्वच्छ अक्षरात लिही." तिने जाकिटाच्या खिशातून भिजलेले पाकीट काढून त्याला दिले. शाई सगळी फुटली होती.

त्याने ते बराच वेळ उलटसुलट केले. "ह्यातलं काही वाचता येत नाही बुवा."

"मग तोंडाने सांगते. ह्या महिनाअखेर मी जाते."

तो एकदम तोंड फिरवून तक्त्यावर लिहीत बसला. पुढे ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागली. न्हाणीघरात दुसरी बाई आली, चांगली होती तीही.

सगळे पांगल्यावर मी फाटकाला कुलूप लावत होते. भुरभुर थांबली होती. खाली खाडीच्या रस्त्यावरून दोघी घरी निघाल्या होत्या. हेर्दिसने कुणाची तरी निळी विजार घातली होती, घोट्यापाशी दोन घड्या मारलेली. सुन्नेवा अर्धे पाऊल मागून चालत होती, आणि पाण्यातून बाहेर येऊन तास होऊन गेला तरी तिने हेर्दिसच्या दंडाखालचा हात काढलेला नव्हता.